वेगळ्या वाटीतली हळद

गोंदियाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी माझं कोपर खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाले, "सोरायसिस है. दबेगा, फिर उभरेगा. छूत का नहीं है." पहिल्या दोन गोष्टी अंगाने केव्हाच पाठ केल्या. तिसरी मी अजून इतरांना शिकवते आहे.

एका उन्हाळ्यात चट्टे विरले, त्वचा धुतलेल्या तांदळासारखी नितळ झाली. मीच घरभर सांगितलं, बरी झाले! भावाने पेढे वाटले. पौषात कोपरांवर पुन्हा लाली चढली, चादरीवर कोंडा सांडू लागला, आणि माझा शब्द खोटा ठरला. "वांगं खाल्लं असन," वहिनी म्हणाली. तेव्हापासून मी काहीही सांगितलं, की ती त्या पेढ्यांची आठवण काढते.

यंदा कामठ्याला भाचीचं लग्न होतं. आमच्या घरात नवरीला पहिली हळद आत्या लावते. मला ती लावायची होती. एवढंच हवं होतं. मांडवात हिरव्या आंब्याच्या पानांचा वास कोंदला होता. पाटाजवळ हळदीची परात, आणि तिच्यापासून हातभर दूर एक छोटी वाटी.

"बाई, तुमची ही," वहिनी हळूच म्हणाली. "बायका पाहून राहिल्या. कायले बोलणं ऐकायचं?"

"वहिनी, हे लागत नाही कुणाला."

"मले ठाऊक आहे जी. त्याईले कोन सांगन?"

मी सांगू शकले असते. पण तीच वाक्यं, बायकांच्या त्याच डोलणाऱ्या माना, तेच "हो का" सगळं आठवलं. मी वाटी उचलली.

"आत्या, लाव ना लवकर, पाय भरून आले," भाची कुरकुरली.

तिच्या गालाला बोटं टेकली. ओल्या हळदीखाली गाल ऊबदार होता. माझ्या तळव्याच्या भेगांत हळद चरचरली. मी हात मागे घेतला नाही. मग एकेक बाई पुढे आली, परातीत बोटं बुडवून गेली.

दुपारी वहिनी पुन्हा आली. "उद्या पाहुणे येतात. पुऱ्या बाह्यांचं पोलकं घालान ना?"

तिचाही चेहरा दमलेला होता. मी मान हलवली आणि कोपरांना मलम लावायला बसले.