उघडा झिपरू

पाम गावचा विश्राम ताडावर चढायचा तेव्हा अंगावर लंगोटी, कमरेला दोर आणि दोरात खोचलेला कोयता, एवढाच त्याचा संसार. थंडीत गाव गोधडीतून नाक बाहेर काढायला तयार नसायचं आणि हा बाबा उघड्या अंगाने वरची ताडीची मडकी उतरवून आणायचा. कोणी हटकलं तर म्हणायचा, "कापड आडकते, कातडी निसटते." झावळीच्या देठाला करवतीसारखे दाते असतात. त्यात बाही अडकली की माणूस ती सोडवायला हात काढतो, आणि हात काढला की संपलं. हे शास्त्र त्याच्या बापाचं.

असा विश्राम त्या वैशाखात पडला. खाली पेंढ्याची उडवी होती म्हणून वाचला, पण कमरेचं हाड दुखावलं. बोईसरच्या डॉक्टरने रुंद पट्टा बांधला आणि झाडाचं नाव काढू नको म्हणाला. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला विश्राम एकच सांगायचा, "लग्नाला जायचा होता, नवा सदरा घातलेला. बाही आडकली." लोक माना डोलवायचे. दोष सदऱ्याचा होता, त्यामुळे पुन्हा चढायला हरकत नव्हती. भाऊबीज झाली की चढणार, असं त्याने गावभर सांगून ठेवलं. ताडीचा हंगाम तेव्हाच सुरू होतो.

बेटेगावचा जिव्या अधूनमधून येऊन विचारून जायचा, "दादा, नाय जमला तं झाडं मना दे." डोंगरउताराच्या तुकड्यात त्याचा भात व्हायचा, पुढे हात रिकामे.

"मी मेलो नाय अजून," विश्राम म्हणायचा.

बायको मंदा चुलीपुढून म्हणायची, "मेला नाय, पन वाकता तरी येते का तुमाला?"

मंदाचा भाऊ कमलाकांत बोईसरला स्टेशनजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. दुपारी तो कारखान्यांतले कॉम्प्युटर दुरुस्त करायला जाई. खोली उघडी ठेवून बसायला भरवशाचं माणूस हवं होतं, म्हणून त्याने भावजींना नेऊन बसवलं. पंख्याखाली बसून विश्राम आंबून गेला. ते बघून एका दुपारी कमलाकांतने त्याला एक गेम लावून दिला. त्यात आपण आपला माणूस घडवायचा, त्याला हत्यार द्यायचं, जंगलं-देवळं पालथी घालायची आणि शेवटी उंच बुरुजावरच्या अजस्र पंखवाल्या राक्षसाला मारायचं. विश्रामने चित्र बघितलं आणि म्हणाला, "ही तं उडती घोरपड."

कमलाकांतने स्वतःच्या हिशेबाने माणूस घडवला. लोखंडी चिलखत, टोप, ढाल, जाड बूट. तो चालायला लागला की रिकामा डबा रस्त्याने गडगडत गेल्यासारखा आवाज. त्याचा एक वार होईतो समोरच्याचे दोन. पहिल्याच नाल्यात लांडग्यांनी त्याला लोळवला.

"याला कोनी लगनाला सजवला?" विश्राम म्हणाला. "काढ सगळा."

"भावजी, चिलखत काढलं तर मरेल."

"घालून कुठे जगला?"

मग विश्रामने आपला घडवला. अंगावर चिलखत नाही, हातात ढाल नाही, एक लांब पात्याची तलवार. केस खांद्यावर होते म्हणून नाव झिपरू. प्रत्येक लढाईनंतर माणसाला थोडं बळ वाढवून मिळायचं. ते ताकदीत घालायचं का चपळाईत, हे आपण ठरवायचं. विश्राम सगळं चपळाईत घालायचा. उघड्या अंगाच्या तलवारबाजाने वार झेलायचा नसतो, चुकवायचा असतो, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. हळूहळू झिपरू असा नाचायला लागला की लांडगे हवेलाच चावायचे.

"तुमी स्वतः पट्टा आवळून बसलाय आणि त्याला नागडा सोडलाय," कमलाकांत हसायचा.

"मी पडलोय. तो नाय पडला अजून."

झिपरूच्या पायात फक्त जादूचे बूट होते. त्यांनी चपळाई दुप्पट व्हायची. एकदा वाटेत देऊळ लागलं. विश्रामने बूट काढून पायरीशी ठेवले आणि झिपरूला आत नेला. दर्शन घेऊन बाहेर येतो तो पायरी मोकळी. त्या गेममध्ये जमिनीवर ठेवलेली वस्तू पाठ फिरली की नाहीशी व्हायची. आणि कमलाकांतने शेजारून हात घालून नेमका तेव्हाच खेळ सेव्ह केला होता. म्हणजे बूट कायमचे गेले.

"देवळात बूट काढायला सांगितले कोणी?" कमलाकांतने कपाळाला हात लावला.

"देवलात पायतान घालून जाऊ?"

"भावजी, तो देव खोटा!"

"देव खोटा, पन पायरी हाय ना?"

त्यानंतर झिपरू अनवाणीच फिरला. बुटांनी दिलेली चपळाई विश्रामने लढाया करकरून परत मिळवली. नवरात्र सरेपर्यंत झिपरूची चपळाई त्या गेममध्ये जितकी जाते तितकी झाली. पुढे आकडा जाईना. आता बुरूज.

झिपरू वर गेला. घोरपडीने पंजा मारला, तो चुकला. आग ओकली, ती चुकली. मग शेपटीचा एक साधा फटका बसला आणि झिपरू बुरुजावरून खाली.

विश्राम खुर्चीत पुढे सरकला. "चुकला कुठे? मी तं काय चूक केली नाय."

"चूक नाही हो," कमलाकांत म्हणाला. "मशीन दर वेळी आत फासा टाकतं. कितीही चपळाई असू द्या, एखादा फटका बसायचाच."

"चिलखतवाल्याला पन?"

"त्यालाही बसतो. फक्त तो त्या एका फटक्याने मरत नाही."

"आन उघडा?"

"उघडा मरतो. मग आपण त्याला पुन्हा उठवतो. हा बघा, उठला."

पडद्यावर झिपरू बुरुजाखाली धडधाकट उभा होता. विश्राम त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. पट्ट्याखाली घाम आला होता, तो त्याने बोटाने पुसला.

दिवाळीच्या आधी झिपरूने घोरपड मारली. कमलाकांत खुर्चीवरून उठून नाचला. "भावजी, आता तुमीपण चढणार!"

विश्राम म्हणाला, "किती वेला मेला रे तो, तिला मारताना?"

"कोण मोजतंय!"

"तेच."

भाऊबीजेला कमलाकांत पामला आला. मंदाने ओवाळलं, जेवणं झाली, आणि ठरल्याप्रमाणे विश्राम दोर-कोयता घेऊन वाडीच्या कडेच्या ताडाशी गेला. मागोमाग मंदा, कमलाकांत आणि निरोप पाठवून बोलावलेला जिव्या. आपल्याला कशाला बोलावलंय ते जिव्याला कळत नव्हतं. मंदाचे ओठ घट्ट मिटलेले होते.

विश्रामने बुंध्याला हात लावला, वर बघितलं आणि दोर जिव्याच्या हातात दिला.

"घे. झाडं तुजी. मडक्यातला निम्मा माजा."

जिव्या दोर धरून उभाच राहिला. "आन दादा, तू?"

"मी खालून शिव्या देईन."

मंदाने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ते तं तुमाला चांगला जमते."

जिव्याने बुंध्याला पाय लावला आणि थांबला. "सदरा काढू ना? तू सदऱ्यानंच पडलेलास."

विश्राम खाली बसला. पट्ट्यामुळे सरळ पाठीनेच बसावं लागलं. "नाय रे. सदरा नाय आडकला. पाय सुटला. नीट टेकवलेला, तरी सुटला."

कमलाकांत मंदाकडे बघायला लागला, मंदा ताडाकडे.

"मंग सदरा ठेवू?" जिव्याने विचारलं.

"काढ," विश्राम म्हणाला. "बापाचा शास्त्र खरा हाय. पन दोराला आनखी एक वेढा घे."