सातव्या ओळीतल्या मिस व्हर्लीन

मिसिसिपीतल्या आमच्या कॉलेजच्या बेसबॉल मैदानावर एक वेळ पंचाचं ऐकलं नाही तरी चालतं, मिस व्हर्लीन टगल यांचं ऐकावंच लागतं. आमच्याकडे आजी झालेल्या बाईलाही मानाने 'मिस'च म्हणतात. बाईंनी जन्मभर शाळेच्या भोजनगृहात पोरांना वाढलं, आवाज तिथेच कमावला. बॅटर उभा असताना कुणी पायऱ्या उतरायला लागला की त्यांचा हात वर. "थांब तिथेच. याचं होऊ दे." मग उकडलेल्या शेंगांचा गळका पुडा हातात धरून भलेभले वकील निमूट उभे. दुसऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवर कुणी बसलं तर विचारूच नका. त्याला उठवल्याशिवाय बाईंच्या घशाखाली घोट उतरत नसे.

आणि स्वतः बाई बसायच्या माझ्या खुर्चीवर.

पहिल्याच वर्षी मी हंगामाचं तिकीट हातात घेऊन सांगायला गेलो होतो. म्हणाल्या, "पोरा, बॅटर उभाय. आधी बूड टेक, मग बोल." मी मागच्या ओळीत बूड टेकलं, ते आजतागायत टेकलेलंच. ती मागची खुर्ची खरी त्यांची. तिच्यासमोर जाळीचा जाडजूड खांब. तिथून आकाश दिसतं, कुंपण दिसतं, फक्त चेंडू टाकणारा पिचर दिसत नाही. बायको म्हणायची, "डेल, मूग गिळून काय बसतोस?" मी म्हटलं, जा, तूच सांग. ती तावातावाने गेली आणि पीच फळाच्या लोणच्याची कृती घेऊन परत आली.

बाईंचा नातू कोल्बी चार वर्षं संघात होता, म्हणजे बाकावर होता. पिचर म्हणून घेतलेला, पण टाकायला कधी दिलंच नाही. या वर्षी त्याचं कॉलेज संपत होतं आणि त्या दिवशी शेवटचा सामना. बाई सकाळपासून जेवल्या नव्हत्या. आमचे लोक सपाटून मार खात होते आणि बाईंचा चेहरा खुलत होता. पार हरल्याशिवाय कोच कोल्बीला बाकावरून कुठला उठवायला? "अजून थोडा खा रे बाळांनो," त्या पुटपुटत होत्या. आसपासच्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तेवढ्यात पुढच्या ओळीत एक कुटुंब येऊन दुसऱ्यांच्या खुर्च्यांवर ऐसपैस बसलं. अशा वेळीही बाईंना राहवलं नाही. त्यांनी जागा दाखवणाऱ्या हॉलिसला बोलावलं. हॉलिस निवृत्त पोस्टमन, या कामावर नवा. त्याने ते कुटुंब उठवलं आणि आलोच आहे तर म्हणून सगळ्यांचीच तिकिटं बघायला लागला. बाईंचं तिकीट त्याने दोनदा बघितलं.

"बाई, तुमची ओळ आठवी. ही सातवी."

बाई सावकाश मागे वळल्या. "डेल, ही खुर्ची कुणाची?"

"असेल कुणाची तरी."

"कुणाची?"

"माझी."

"आणि इतकी वर्षं तू गप्प?"

"तुम्ही बोलू दिलंत तर ना."

त्यांची मान लालबुंद झाली. त्यांनी उशी काखेत मारली, पिशवी उचलली. "ऊठ. चुकीच्या जागी बसलेल्याने उठायचं. मीही त्यात आले." आणि नेमका तेव्हाच भोंग्यातून आवाज आला: आता टाकायला येतोय कोल्बी टगल.

बाई जागीच थबकल्या. खांबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तरी पाऊल उचललंच, इतकी हट्टी बाई. ज्या पोरासाठी उपाशी बसली, तोच दिसणार नव्हता तिला. मी दोन्ही पाय वाटेत पसरले.

"बॅटर उभाय, मिस व्हर्लीन. आधी बूड टेका."

"डेल, पाय काढ."

"नाही काढत. याचं होऊ दे."

हॉलिसही वाटेत आडवा उभा राहिला. बाई सातव्या ओळीत परत बसल्या, पण टेकल्या न टेकल्या तोच उभ्या राहिल्या, उशी छातीशी धरून. मागच्या तीन ओळींना नुसती त्यांची पाठ दिसत होती. "बसा" म्हणायची सगळ्यांना आयती संधी होती. कुणीही म्हणालं नाही.

बॅटचा दणका ऐकू आला. सगळ्या मैदानाने उसासा टाकला. बाई हळूच खाली बसल्या.

"कुंपणापलीकडे गेला," मागे न बघता त्या म्हणाल्या. "पण टाकला कसा होता माझ्या पोराने. बघितलंस ना?"

मला खांब दिसला होता आणि बाईंची पाठ.

"बघितला," मी म्हणालो. "एकदम फर्स्ट क्लास टाकला."