गमीज चेक-इन बॅगेत आहेत

ग्रेगचा मेसेज आला तेव्हा मी त्याचं हॉटेल कन्फर्म करत होते. खोलीत छोटा फ्रिज आहे का, असं त्याने विचारलं होतं. कुवेतच्या उकाड्यात आपल्या गमीज वितळतील, ही त्याची काळजी.

मी कुवेतमधल्या अहमदीत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क बघते. बाहेरून येणाऱ्यांचा व्हिसा, तिकीट, गाडी आणि लाड. ग्रेग अमेरिकेतला कॉम्प्रेसरचा तज्ज्ञ. आमच्याकडे शटडाऊन चालू होतं, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवला होता. कॉम्प्रेसर उघडून ठेवला होता आणि ग्रेगशिवाय त्याला कोणी हात लावणार नव्हतं.

गमीज म्हणजे लहान मुलांच्या त्या रबरासारख्या गोळ्या. पन्नाशीचा माणूस त्या खातो याचं नवल वाटलं, म्हणून सहज विचारलं, कसल्या? त्याने पाकिटाचा फोटो पाठवला. त्यावर एक झोपलेलं अस्वल आणि पंजासारखं हिरवं पान. मी नाशिकची. कुंभमेळ्याच्या गावात वाढल्यामुळे ते पान लगेच ओळखलं.

मी फोन लावला. ग्रेग युरोपात ट्रान्झिटला बसला होता. त्याने शांतपणे समजावलं की या हेम्पच्या आहेत. म्हणजे झाड गांजाचंच, पण नशेचा अंश नावापुरता. तिकडे दुकानात मिळतात, झोपेसाठी घेतो, विमानात न्यायलाही परवानगी आहे.

"तिकडून निघायला परवानगी आहे," मी म्हटलं. "इथे उतरायला नाही. इथे अंश मोजत बसत नाहीत, आधी आत टाकतात."

"किती दिवस?"

"ते माहीत नाही. पण तुझं हॉटेल मला कॅन्सल करावं लागेल."

तो म्हणाला, सगळ्या आत्ताच खाऊन टाकतो. म्हणजे माल पोटातून आणणार. पण तेही जमणार नव्हतं, कारण गमीज चेक-इन बॅगेत होत्या आणि बॅगेला थेट कुवेतचा टॅग लागला होता. ती ऑफलोड करायची, म्हणजे एअरलाइनकडून उतरवून परत घ्यायची, तर फ्लाइट हमखास चुकणार होती.

मी शटडाऊन मॅनेजर पाटणकर सरांकडे गेले. क्लायंट रोज सकाळी त्यांची सालटी काढत होता. सर म्हणाले, एवढ्याशा गोळ्या, कोण बघतंय, येऊ दे त्याला.

"मग सर, त्याला एअरपोर्टवर घ्यायला तुम्ही जाल का?"

सरांना एकदम मीटिंग आठवली. तरी एक प्रयत्न म्हणून त्यांनी मंदूबला बोलावलं. मंदूब म्हणजे सरकारी ऑफिसातली आमची कामं करून आणणारा माणूस. बंद झालेली खिडकीही तो गोड बोलून उघडायला लावतो. त्याने 'हशीश' एवढंच ऐकलं, चहा टेबलावर ठेवला आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

शेवटी ग्रेग एक दिवस उशिरा येणार, असं सरांनी क्लायंटला फोन करून सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. कारण मी सुचवलं, बॅगेज इश्यू. खोटं नव्हतं.

ग्रेग काउंटरवर ताटकळला, पण बॅग मिळाली. पाकीट त्याने तिथल्याच एअरपोर्टवाल्यांच्या हवाली केलं आणि दुसऱ्या दिवशी कुवेतला उतरला. कस्टम्सने त्याची बॅग पूर्ण उघडली, मोज्यांच्या आत हात घालून बघितलं. बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने चिकटला होता. गमीजशिवाय झोप येणार नाही, एवढंच म्हणाला. दिवसभर उन्हात कॉम्प्रेसरशी झटापट केल्यावर तो परतीच्या गाडीतच घोरायला लागला. एगैला भागातल्या हॉटेलवर ड्रायव्हरने त्याला हलवून उठवलं.

शटडाऊन उशिरा संपलं, पण संपलं. सर केबिनमध्ये मला म्हणाले, शिकलेली माणसं न विचारता काहीही कसं बॅगेत भरतात, कळत नाही. जाता जाता सांगितलं की सासूबाई पुण्याहून येताहेत, डबाभर अनारसे घेऊन.

"खसखस लावलेले?" मी विचारलं.

"अनारसे म्हटल्यावर खसखस असणारच."

"सर, खसखस अफूच्या झाडाची. तिलाही इथे बंदी आहे."

सरांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. तो फोन क्लायंटच्या फोनपेक्षा लांबला.

हल्ली माझ्या प्रत्येक ट्रॅव्हल मेलमध्ये एक ओळ असते: खाण्याचं काही आणत असाल तर निघतानाचा नियम विचारू नका, उतरतानाचा विचारा. सासूबाई शेवटी चकल्या घेऊन आल्या.