प्रथमोपचाराचा रकाना

जिल्ह्यातल्या काही साखर कारखान्यांनी मिळून कामगारांच्या सुरक्षिततेसाठी एक मंडळ काढलं होतं. मी त्याचा सचिव होतो. निवड झाली ती माझं अक्षर बरं होतं आणि हाताची दहाही बोटं शाबूत होती म्हणून. यंत्राच्या जवळ मी कधी गेलोच नव्हतो, तेव्हा बोटं जायचा प्रश्नच नव्हता. कारखान्याकारखान्यांतून हिंडून मी सावधपणावर भाषणं ठोकायचो. समोर बसलेल्यांचा जन्म यंत्रांपुढे गेलेला असायचा. तरी ते माना डोलवायचे, कारण भाषणानंतर चहा असे.

बहात्तरच्या दुष्काळात ऊस वाळला, कारखाने लवकर थंडावले आणि आमच्या मंडळाला जपायला माणसंच उरली नाहीत. वार्षिक अहवाल मात्र काढायचा होता. अध्यक्षांनी डोकं लढवलं. भांडारातले यंत्रकामाचे जादा गॉगल घ्या, शेवगावकडे दुष्काळी कामावर बायका खडी फोडताहेत त्यांना वाटा, आणि फोटो काढून आणा. मी जीपमध्ये एक पेटी गॉगल, एक फोटोग्राफर आणि लिहून आणलेलं भाषण घालून निघालो.

रस्त्याच्या कडेला भर उन्हात बायका ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीनं डोक्यावरची चुंबळ, हंड्याखाली ठेवतात ती चिंध्यांची गोल गादी, जमिनीवर ठेवून तिच्यात दगड बसवला होता. पदर नाकापर्यंत ओढलेला. हातोडी पडली की कपच्या चुंबळीतल्या चुंबळीतच राहायच्या. हे मी पाहिलं, पण मला ते दिसलं नाही. मला गॉगल वाटायचे होते.

वाटले. भाषणही केलं. एक पोरसवदा बाई गॉगल घालून दोन घाव घालून बघत म्हणाली, "सायेब, घाम आला की ह्यात धुकंच धुकं हुतंय. दगड सोडून बोटावर बसंल हातुडी."

"सवय होईल," मी म्हणालो. मला स्वतःला त्या वेळी कसलीच सवय नव्हती.

मग फोटो. फोटोग्राफर म्हणाला, पदरामुळे गॉगल दिसत नाहीत आणि त्या चिंध्या फार वाईट दिसतात. मी लगेच हुकूम सोडला, पदर मागे, चुंबळी बाजूला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मुकाट्यानं ऐकलं. मी स्वतः हातोडी घेऊन मधोमध बसलो. माझा गॉगल तेवढा कपाळावर सरकवला, नाहीतर फोटोतला सचिव अध्यक्षांना ओळखू कसा येणार? आणि आयुष्यातला पहिला घाव दगडावर घातला.

कपची थेट माझ्या डाव्या डोळ्यात. फोटोही नेमका तेव्हाच निघाला. अहवालात तो छापला आहे, मी तोंड वासलेला, आणि खाली लिहिलंय, 'सचिव मार्गदर्शन करताना'.

मी गुरासारखा ओरडलो. डोळा गेला अशी माझी खात्रीच झाली. प्रथमोपचारावर मी ठिकठिकाणी बोललो होतो, डोळा स्वच्छ पाण्याने धुवावा. टँकर दोन दिवस आला नव्हता, आणि पिंपाच्या तळाशी होता तो निव्वळ गाळ. पेटीत गॉगल सोडून काही नव्हतं.

"त्ये पानी लावू नगा," एक म्हातारी म्हणाली, आणि मघाच्याच त्या पोरसवदा बाईकडे वळली. "तू हाईस न्हवं अंगावर पाजनारी? घाल की थोडं."

ती बाई पुढे आली. माझ्या कपाळावरचा गॉगल तिनं काढून घेतला, पदरानं पुसला, पाठमोरी झाली आणि त्याच्या काचेच्या वाटीत दूध घेऊन आली. म्हातारीनं माझं डोकं मांडीवर घट्ट धरलं. ऊन ऊन दूध डोळ्यात पडलं, दोनदा, तीनदा. कपची गालावर वाहून आली. मंडळानं वाटलेल्या गॉगलांपैकी उपयोग झाला तो एवढ्या एकाचाच.

बाभळीला बांधलेल्या झोळीत तिचं मूल उठलं. तिनं त्याला पदराखाली घेतलं. ते थोडा वेळ चोखलं, मग तोंड काढून रडायला लागलं. पुन्हा लावलं, पुन्हा रडलं.

"भुकेलंय का?" मी विचारलं. एका डोळ्यानं पाहणारा माणूस आणखी काय विचारणार.

"व्हय," म्हातारी म्हणाली. "तिला येतंच येवढं. आता सांजच्याला."

मूल घेतलेल्या त्या बाईचं मी नाव विचारलं. तिनं सांगितलं. ड्रायव्हरनं मला दवाखान्यात न्यायला जीप सुरू करायच्या आत सगळ्यांनी चुंबळी पुन्हा जागेवर ठेवल्या होत्या.

आमचं मंडळ दरवर्षी उत्तम प्रथमोपचाराबद्दल स्टीलची कळशी बक्षीस देत असे. त्यासाठी अपघाताचा फॉर्म भरावा लागे, आणि त्या वर्षी भरण्याजोगा अपघात एकच होता, सचिवाचा. फॉर्म मीच भरला, मंडळात अक्षर माझंच चांगलं. 'प्रथमोपचार' या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबलो. संचालकांच्या बैठकीत हा फॉर्म मोठ्यानं वाचला जाणार होता. त्या बाईचं दूध डोळ्यात घालून घेताना मला लाज वाटली नव्हती, ते लिहायची वाटली. मी लिहिलं, 'डोळा स्वच्छ पाण्याने धुतला.' पुढचा, प्रथमोपचार करणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा सोडला.

अध्यक्षांनी वाचून चष्म्यावरून पाहिलं. "तिकडं प्यायला पाणी नाही म्हणतात. तुम्हाला धुवायला स्वच्छ कुठं मिळालं हो?"

"मिळालं एके ठिकाणी," मी म्हणालो.

त्या वर्षीची कळशी मला दवाखान्यात पोचवणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरला मिळाली. टाळ्या मीही वाजवल्या.