खांबावरचं लाल जॅकेट

सातुर्निना चोके गेली सव्वीस वर्षं माझ्या दुकानासमोर राहते. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी खांबाबद्दल सांगायला हवं, कारण तिचं दार आणि माझं दुकान यांच्या बरोबर मधे तो उभा आहे.

एल आल्तो या उंच पठारावरच्या शहरात आमच्या वस्तीच्या दर कोपऱ्यावर विजेच्या खांबाला एक बुजगावणं टांगलेलं असतं. माणसाएवढं, पोटात चिंध्या, गळ्यात दोर आणि छातीवर पाटी: ‘चोर सापडला तर जाळू’. पोलिसांना बोलवावं तर ते जेवून, झोप काढून येणार, म्हणून ही आमची सोय. शिवाय घरटी एक शिट्टी. संशयाचं काही दिसलं की फुंकायची, मग सगळी वस्ती दारात. खरंच कधी कुणाला जाळलंय का, असं विचारू नका. आमच्याकडे नाही जाळलं. इतरांचं मला माहीत नाही.

सातुर्निना कपडे दुरुस्त करते. गुरुवारी आणि रविवारी मोठ्या बाजारात हाताचं मशीन घेऊन बसते, इतर दिवशी घरी. हात असा, की फाटलं कुठे होतं ते मालकालाच शोधावं लागतं. बोलायची मात्र बोंब. मी दहा वाक्यं बोलले की ती एक बोलते, आणि तेही असं की माझी दहा फुकट जातात. नवरा खाणीच्या धुळीनं छाती भरून गेला. आठव्या दिवशी रीतीप्रमाणे त्याचे कपडे नदीवर धुऊन वाटले, उरलेले जाळले. मागे राहिला एक मुलगा, ग्रोवेर. त्याला तिनं आपलीच विद्या शिकवली. तो घालायचा त्या प्रत्येक कपड्याला ती आतून, डाव्या बाजूला, एक चोरखिसा शिवायची. दुहेरी टाका, कोपऱ्यात छोटी फुली. बाजारात खिसे कापतात म्हणून.

तो सतरा वर्षांचा असताना शाळेच्या स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर नाहीसा झाला. त्याच दिवशी उन्हं उतरताना शाळेच्या मागून एक पोरगा पाठीवर घोंगडीत बांधलेलं जडसं काहीतरी घेऊन चालला होता. शिट्टी मी वाजवली. लपवून काय करू?

लोक धावले. पकडला तो निघाला ग्रोवेर. त्याला त्याच खांबाला बांधलं. जून महिना, म्हणजे आमचा ऐन हिवाळा, पाणी बादलीतच गोठायचं, तसल्या थंडीत कुणीतरी त्याच्या अंगावर पाणी ओतलं. तो ओरडून सांगत होता, पण तीसजण एकदम विचारत असले की उत्तर कोण ऐकतं? तासाभरानं सातुर्निना आली. तिनं कुणाला शिवी दिली नाही. सरळ घोंगडी सोडली. आत तिचंच मशीन होतं, तो दुरुस्त करून आणत होता.

“घ्या,” ती म्हणाली, “हा तुमचा सिलिंडर. यावर बटाटे उकडा.”

क्रिसोस्तोमो म्हणून आमचा अध्यक्ष आहे, तेव्हाही तोच होता. तो म्हणाला, “गैरसमज झाला, बाई. सगळ्यांच्या भल्यासाठीच करतो ना आपण?” चौथ्या दिवशी सिलिंडर सापडला. शाळेची स्वयंपाकीण भरायला देऊन विसरली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता. माफी कुणी मागितली नाही. मीही नाही. चार पाव नेऊन दिले, तिनं घेतले.

महिन्याभरात ग्रोवेर ब्राझीलला, साओ पाउलोला गेला. तिथल्या शिवणकारखान्यांत आमची हजारो पोरं आहेत, जिथे शिवायचं तिथेच झोपायचं. त्यानं सगळं नेलं, एक जॅकेट सोडून. लाल, बाह्यांवर पांढरे पट्टे, खांबाला बांधलं तेव्हा अंगात होतं ते. दारामागच्या खिळ्याला ते तसंच लटकून राहिलं. सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा. मग सणासुदीला. मग नंबर लागेनासा झाला. ती विचारायची कुणाला? नुसतं शहराचं नाव ठाऊक, आणि त्या शहरात आमच्यासारखी दहा शहरं मावतील.

आता आमचा नियम ऐका. बुजगावणं वाऱ्यानं, गारांनी वर्षात फाटतं. ऑगस्टात वस्तीच्या वाढदिवसाआधी नवं करायचं, आणि ज्या घराची पाळी त्या घरानं पुरुषाचे कपडे द्यायचे. गेल्या नव्हे, त्याआधीच्या ऑगस्टात पाळी आली सातुर्निनाकडे.

सभेत ती उभी राहिली. “शिवून मी देते. भरून देते. कपडे दुसऱ्या कुणाचे घ्या. माझ्या घरात पुरुष नाही.”

“मुलाचं काहीतरी असेल की,” क्रिसोस्तोमो म्हणाला.

“एक जॅकेट आहे.”

“झालं तर! पँट मी देतो माझी. बाकी नियम म्हणजे नियम. आज तुम्हाला सूट दिली तर उद्या सगळेच विधवा होतील.”

लोक हसले. मीही हसले, विनोद बरा होता.

तिनं तीन दिवस घेतले. जॅकेटचं कोपर फाटलं होतं, तिथे पिवळं ठिगळ लावून वर रफू केलं. मी म्हटलं, “अगं बये, बुजगावण्याला कुणी रफू करतं का?” तिनं दातानं दोरा तोडला. टांगायच्या दिवशी शिडीवरच्या माणसाला मात्र तिनं बजावलं, “तोंड माझ्या दाराकडे कर.” दुसऱ्या दिवशी पाव घ्यायला आली तेव्हा मी कारण विचारलं. म्हणाली, “खिळ्यावर होतं तेव्हा पाठ दिसायची. आता दार उघडलं की समोर असतं. बरं वाटतं.” मला ते जरा विचित्र वाटलं. पण एकटी बाई आहे, कशानंही बरं वाटावं, असं म्हणून मी पाव मोजून दिले.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारची गोष्ट. भर दुपार, धूळ उडत होती, सातुर्निना बाजारात. एक माणूस दुकानात आला. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, पोट सुटलेलं, हातात मोठी पिशवी. बोलण्याला ब्राझीलकडचा हेल. त्यानं थंड बाटली मागितली आणि दारात उभा राहून, मास्क हनुवटीवर ओढून, पाठमोराच पीत राहिला. नजर खांबावर.

अनोळखी माणूस खांबाकडे इतका वेळ बघतोय म्हणजे टेहळायला आलाय, असं मी धरून चालले. अशांना काय ऐकवायचं ते माझं ठरलेलं आहे.

“बघून घ्या नीट,” मी म्हटलं. “आमच्याकडे चोराची अशी गत होते.”

“कपडे कुणाचे आहेत?” त्यानं विचारलं.

“चोराचेच.”

“कोणी दिले?”

“त्या समोरच्या बाईनं. स्वतःच्या हातानं काढून दिले, हसत हसत. इथे आई पोटच्या पोराची गय करत नाही, परक्याची काय करेल?”

हसत हसत. उचलली जीभ लावली टाळ्याला. वाक्याला जरा धार यावी म्हणून मी ते जोडलं. दुकानदारीत अशी सवय लागते, बटाटे शिळे असले तरी आपण ‘आत्ताच आले’ म्हणतोच.

त्यानं बाटली संपवली. मास्क वर ओढला. पिशवी काउंटरवर ठेवली. “हे त्या बाईंना द्याल?”

“कुणी दिलं म्हणून सांगू?”

“कळेल त्यांना,” तो म्हणाला आणि मिनीबस जिथे थांबते त्या उताराकडे चालू लागला. चाल ओळखीची वाटली. पण आमच्याकडे उतारावर सगळेच तसे चालतात, असं म्हणून मी आत वळले.

दिवेलागणीला सातुर्निना आली. पिशवीत बायकांचा कोट होता, जाड, आतून मऊ अस्तर, शिलाई अशी की मी दुकानदार असून किंमत सांगू शकले नसते. तिनं तो उलटा केला. डाव्या बाजूला आतून खिसा होता. दुहेरी टाका, कोपऱ्यात फुली. तिनं त्या फुलीवर अंगठा ठेवला आणि तो काही उचलला नाही.

“किती वाजता आला होता?”

“दुपारी. अगं, तो ग्रोवेर होता? देवा रे! मला काय माहीत, एवढं पोट, तोंडाला मास्क...”

“काय बोललीस तू त्याला?”

मी सांगितलं. चोराची गत सांगितली, कपडे कुणी दिले ते सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “आणखी?”

“आणखी काही नाही.”

“बासिलिया.”

माझ्या नावाचा असा उच्चार तिनं कधी केला नव्हता. मी म्हटलं, “तू हसत हसत दिलंस, असं बोलून गेले.”

तिनं कोटाची घडी घातली. बाही आत, मग दुसरी बाही आत. “मी हसले होते का गं?”

“नाही.”

“मग कोण हसलं होतं?”

मी काउंटर पुसायला घेतला. ती कोट घेऊन तशीच उताराकडे गेली, मिनीबसच्या थांब्यावर, मग तिथून मोठ्या बसस्थानकावर. सकाळी परतली. ब्राझीलची बस संध्याकाळीच सुटली होती.

घरात न जाता तिनं शेजाऱ्याची शिडी आणली आणि खांबाला लावली. वय अठ्ठावन्न, अंगात चार घेरांचा परकर, हातात बाजारातली कात्री. लोक जमले. क्रिसोस्तोमो दात घासता घासता आला.

“बाई, खाली उतरा! ही वस्तीची मालमत्ता आहे. दंड बसेल.”

“बसवा.”

“बासिलिया, शिट्टी वाजव गं! लोकांना बोलव!”

शिट्टी माझ्या गळ्यातच होती. ती गळ्यातच राहिली. शिडी हलत होती म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरली, तेवढंच. उगाच मोठेपणा नको.

तिनं दोर कापला. बुजगावणं माझ्या अंगावर पडलं. तिनं खाली येऊन जॅकेट काढलं, चिंध्या झटकल्या आणि क्रिसोस्तोमोची पँट त्याच्या हातात दिली. “ही तुमची. पाटी पण तुमचीच.” मग दार लावून घेतलं.

आमच्या कोपऱ्याला आता बुजगावणं नाही. दर सभेत विषय निघतो, मी उभी राहून काहीबाही भांडते, विषय पुढे ढकलला जातो. जॅकेट तिनं धुतलं. दर गुरुवारी बाजाराला जाण्याआधी ती ते गच्चीवरच्या दोरीवर वाळत घालते, ओलं नसलं तरी. उतारावरून येणाऱ्याला लांबून दिसतं. दोन वर्षं होतील या सप्टेंबरात. फोन नाही, पत्र नाही. कोट ती घालत नाही. म्हणते, तो आल्यावर घालीन, लांबी बरोबर आहे का ते त्याला बघू दे.

बाजारातून परतली की ती आधी माझ्या दुकानात येते, मशीन खाली ठेवते आणि विचारते, “आज कोण आलं होतं?”

मी सांगते. पत्ता विचारणारा एकजण, त्याला खुर्ची दिली. बाटली पिणारे दोघे, त्यांची नावं विचारली. कोण कुठला, काय बोलला, मी काय बोलले, सगळं सांगते. पदरचा एक शब्द घालत नाही.