कोऱ्या अर्जावरचा अंगठा
शाईच्या पॅडचा वास आला की हिंगणीजवळच्या एका वस्तीतली दुपार आठवते. तिथे कायद्याची माहिती देणारं सरकारी शिबिर घ्यायचं होतं आणि नोंदणीच्या अर्जावर गावकऱ्यांच्या सह्या लागत होत्या. घाईत मी ठरवलं, आधी सह्या घेऊ, मजकूर नंतर भरू. समाजमंदिराच्या ओट्यावर जमलेल्या बायांपुढे कागद ठेवला, तर एका म्हातारीने अंगठा मुठीत दडवला. “वरतं कोरं काऊन ठेवलं, पोरी?” “नंतर भरते, आजी.” “असंच म्हणून एकानं माह्या सासऱ्याचा अंगठा नेला. मंग वावर त्याच्या नावावर निघालं.” पुढे आलेल्या बायाही मागे सरकल्या. मला राग आला. मी काय जमीन लुबाडायला आले होते? तरी तिथेच बसून अर्ज भरला, मोठ्याने वाचून दाखवला. बाकीच्यांनी अंगठे दिले. ती म्हणाली, “सभेले येतो मी. अंगठा नाई देत.” शिबिरात वकीलबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. सगळ्या बायांनी वळून म्हातारीकडे पाहिलं. ती मात्र माझ्याकडे पाहत होती. आता शिबिरांतून ते वाक्य मीच सांगते, आणि सांगताना दर वेळी माझा आवाज जरा खाली येतो.