हत्तीवरची धूळ

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी बेंगळुरूच्या कोरमंगलातल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत होते. कॉफीच्या जाहिरातीत आमचा हत्ती कॉम्प्युटरवर झकास नाचायचा, पण गिऱ्हाइकाला तो आजोबांच्या काळातल्या सिनेमासारखा हवा होता. म्हणून मी गच्चीवरची धूळ आणून स्कॅनरच्या काचेवर पसरली. ती स्कॅन करायची आणि हत्तीच्या चित्रावर थर म्हणून ठेवायची. मग ‘मल्टिप्लाय’ केलं की पांढरं नाहीसं होतं, जुन्या फिल्मवर दिसतात तसे काळे ठिपके तेवढे उरतात.

नेमका तेव्हाच स्कॅनर बंद पडला. दुरुस्तीला जाड मिशांचे एक गृहस्थ आले, इथल्याच जुन्या मराठी घरातले, बोलण्यात कन्नड मिसळणारे. मी चहा सांगून परतले, तर स्कॅनर सुरू आणि काच लखलखीत!

"किती घाण होती, अक्का! आता सरी? ठीक?"

मी कपाळावर हात मारला. दुपारी गिऱ्हाईक यायचं होतं. कारण ऐकून ते इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग त्यांनी पुसायचं फडकं उलगडलं आणि अक्षता टाकाव्यात तसं काचेवर अलगद झटकलं.

"साऱ्या बेंगळुरूच्या ऑफिसांची धूळ आहे यात. स्वल्प हत्तीलाही घ्या!"

ती धूळ स्कॅन केली आणि तो स्कॅन मी दर चौकटीला उलटासुलटा फिरवत हत्तीवर चढवला. चित्र क्षणात जुनं झालं, थरथरू लागलं. ते हात मागे बांधून बघत होते. इतक्यात कधी सोंडेवर, कधी शेपटीवर एक जाड केस नाचू लागला.

त्यांचा हात मिशीकडे गेला.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "मी सिनेमात आलो."